यंत्राला सोलापूर सांगताना

चित्र काढणाऱ्या एआयला नुसतं नाव सांगून भागत नाही. "सोलापूर, गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक" एवढंच लिहून बघा. पडद्यावर एक भलाथोरला बैल येईल. अंगावर भरजरी झूल, मागे फडफडणारे भगवे झेंडे, पुढे गुलाल उधळणारी गर्दी. चित्र देखणं असतं, पण त्यात सोलापूर नसतं. संक्रांतीच्या दिवसांत बाळीवेसच्या गर्दीत टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या कुठल्याही पोराला विचारा, नंदीध्वज म्हणजे काय ते तो हात उंच करूनच दाखवेल.

मग मी ते नावच काढून टाकलं आणि जे दिसतं ते लिहायला बसले. दोन मजली घराहून उंच, सरळ काठी. काठीला हार, वर बाशिंग. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस ती काठी तोलून उभा. आजूबाजूला तशाच पांढऱ्या कपड्यांतली माणसं. जुन्या वाड्यांमधला अरुंद रस्ता, जानेवारीतली सकाळ. आता बैल गेला आणि काठी आली. पण तो माणूस ती हलक्या हाताने धरून हसत उभा होता. काठीला वजनच नव्हतं. वर्णनात भर घातली: मान मागे टाकलेली, नजर काठीच्या टोकावर, पाय फाकवून रोवलेले, दंडाच्या शिरा तटतटलेल्या, शेजारच्याचे हात मदतीसाठी अर्धवट पुढे आलेले. आणि चित्र आलं. तो माणूस आमच्या गल्लीतला वाटावा इतकं आलं.

लहानपणापासून मी सिद्धेश्वराच्या यात्रेतली ती मिरवणूक बघत आलेय. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग दारूकाम, हा क्रम इथल्या माणसाला झोपेतही सांगता येतो. पण नंदीध्वज तोलणारा समोर बघत नाही, वर बघतो, हे मी कधी शब्दांत मांडलं नव्हतं. डोळ्यांना ते माहीत होतं. यंत्राला सांगायची वेळ आली तेव्हा ते तोंडून निघालं. प्रॉम्प्टच्या, म्हणजे यंत्राला लिहून द्यायच्या वर्णनाच्या, या खटपटीत मी इतकी रमले त्याचं कारण हेच आहे. चित्रं मिळतात ती मिळतातच, पण त्यासाठी आपल्याच गावाकडे पुन्हा नीट बघावं लागतं.

मी चादरी-टॉवेलवाल्यांसाठी कॅटलॉग, लेबलं, दुकानांचे फलक अशी कामं करते. एआयकडे कामापुरतीच वळले होते. पार्श्वभूमीला एखादी खोली हवी, पलंग हवा, उजेड हवा, एवढीच गरज होती. ते काम पटकन होतं आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

आतली रीत समजून घेतली की बैल का येतो ते कळतं. स्टेबल डिफ्यूजन हे चित्र काढणारं एआय मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच्यासारखं मॉडेल कोऱ्या कागदावर रेघ ओढून सुरुवात करत नाही. ते सुरुवात करतं निव्वळ गोंधळापासून. केबल गेली की जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या, तशा ठिपक्यांपासून. मग एकेका पायरीने ते त्यातला गोंधळ कमी करत जातं आणि तो कोणत्या दिशेने कमी करायचा हे आपल्या शब्दांवरून ठरवतं. शब्द आणि चित्र यांचं नातं ते शिकलेलं असतं इंटरनेटवरच्या चित्रांवरून आणि त्या चित्रांना जोडलेल्या ओळींवरून. २०२२ सालीच लायन-५बी नावाचा संग्रह खुला झाला. त्यात चित्र आणि ओळ अशा ५८५ कोटी जोड्या होत्या, त्यातल्या २३२ कोटी इंग्रजी ओळींच्या. स्टेबल डिफ्यूजनची शिकवणी लायनच्या अशाच संग्रहातल्या निवडक भागांवर झाली. ओळखीचा नसलेला शब्द आला की यंत्र त्याचे तुकडे करतं आणि तुकड्यांत जे ओळखीचं सापडेल ते काढतं. नंदीध्वजातला नंदी त्याला सापडतो, ध्वज सापडतो. मग बैल आणि झेंडे.

आता सोलापूरच्या फोटोंखाली इंटरनेटवर काय लिहिलेलं असतं ते आठवून बघा. चादरीच्या फोटोखाली "डबल बेड, शुद्ध कॉटन, घरपोच". यात्रेच्या फोटोखाली जयजयकार आणि चार फुलं. भुईकोट किल्ल्याच्या फोटोखाली फोटो काढणाऱ्या पोराचं नाव. चादरीवरचा मोर कुठल्या बाजूला तोंड करून आहे, काठ किती पट्ट्यांचा आहे, बुरुजाचा दगड काळा आहे की तांबूस, यातलं काही कुणी लिहिलेलं नाही. यंत्राचा आपल्यावर काही आकस नाही. आपण आपल्या गोष्टींचं वर्णनच केलेलं नाही. मला हे मनापासून लागतं, कारण ते अजूनही करता येण्यासारखं आहे.

प्रयोग करायची माझी पद्धत साधी आहे. सुरुवातीच्या त्या ठिपक्यांना एक आकडा असतो, त्याला सीड म्हणतात. बाकी सगळं तेच ठेवून तोच आकडा दिला तर चित्र तेच येतं. म्हणून आकडा कायम ठेवायचा आणि वर्णनात एका वेळी एकच शब्द बदलायचा. असं केलं की कुठला शब्द चित्रात काय करतो ते स्वच्छ दिसतं. काही शब्द काहीच करत नाहीत. "अप्रतिम", "सुंदर", "जिवंत" असले शब्द मी लवकरच सोडून दिले, त्यांनी चित्राला फक्त चकाकी येते. काही शब्द मात्र सगळं चित्र ओढून नेतात. "भारत" हा शब्द टाकला की भिंती केशरी होतात आणि झेंडूच्या माळा लागतात. तो काढून टाकला आणि त्याऐवजी "पत्र्याचं छप्पर, सिमेंटची नळी, दारात प्लास्टिकची घागर" लिहिलं की घर खरं वाटायला लागतं.

सगळ्यात जास्त दिवस मी मे महिन्याच्या दुपारमागे लागले होते. सोलापूरचं ऊन यंत्राला काढता येत नाही. ऊन म्हटलं की ते तिरपा सोनेरी प्रकाश आणतं, लांब सावल्या आणतं, झाडाच्या पानांतून किरण सोडतं. जगभरचे देखणे फोटो बहुतेक सकाळी आणि संध्याकाळी काढलेले असतात. भर दुपारी कॅमेरा घेऊन कोण निघतो? त्यामुळे यंत्राच्या जगात दुपार जवळजवळ नाहीच. आणि आमचा उन्हाळा म्हणजे सगळा दुपारचाच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या बरोबर माथ्यावर येतो. साडेबाराच्या सुमाराला सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस. त्या वेळची गल्ली मला हवी होती.

मी लिहिलं: सूर्य डोक्यावर, सावल्या पायाखाली आखडलेल्या, आकाश फिकट पांढुरकं, रस्ता रिकामा, डांबर चमकतंय, पत्र्याची छपरं, दारं उघडी आणि आत गच्च अंधार. ही पूर्व भागातली गल्ली होती, म्हणजे घरोघरी माग. तिथल्या कारखान्यांच्या खिडक्यांच्या जाळीवर सुताची रुई साठून साठून पांढरा थर बसलेला असतो. तो हवाच होता. म्हणून लिहिलं, "खिडकीच्या जाळीवर पांढरा मऊ थर". यंत्राने बर्फ काढला. मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, खिडकीच्या चौकटीत नीट रचलेला बर्फ. त्याच्या जगात खिडकीवर साठणारी पांढरी मऊ गोष्ट एकच असते. मग मी जाऊन एक खिडकी जवळून बघितली. तो थर पांढरा नसतोच. राखाडी असतो, त्यात मागावर चाललेल्या सुताचा रंग मिसळलेला असतो, हिरवा चालू असेल तर हिरवट. जाळीच्या प्रत्येक तारेला तंतू लोंबतात आणि आतून पंख्याचा वारा आला की सगळे एकाच दिशेला हलतात. वर्णन बदललं: राखाडी-हिरवट सुताचे तंतू, लोखंडी जाळीला चिकटून लोंबणारे, आत यंत्रमाग. बर्फ गेला आणि गल्ली आली. आवाज तेवढा राहिला. तो चित्रात कसा यावा, पण त्या गल्लीतून गेलेल्या माणसाला ते चित्र बघून खटखट ऐकू येते असं दोघातिघांनी मला सांगितलं. त्याचा आनंद मला अजून आहे.

नकार यंत्राला बहुतेक वेळा कळत नाही हेही इथे सांगितलं पाहिजे, कारण नवीन माणूस तिथे फार अडतो. सिद्धेश्वराच्या तळ्याचं चित्र मागितलं की पाण्यामागे डोंगर येतात. देऊळ, पाणी आणि डोंगर हे त्रिकूट त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. सोलापूर पठारावर आहे, इथे देवळामागे डोंगर कुठून आणणार? "डोंगर नको" असं लिहिलं की डोंगर आणखी ठळक होतात, कारण ओळीत डोंगर हा शब्द आला आणि नको या शब्दाचं चित्र नसतं. जुन्या पद्धतीच्या मॉडेलमध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, त्याला नेगेटिव्ह प्रॉम्प्ट म्हणतात. डोंगर तिथे लिहायचे. पण मला त्याहून खात्रीचा उपाय सापडला तो म्हणजे त्या जागी काय आहे ते सांगायचं. "क्षितिज सपाट, पलीकडे किल्ल्याची तटबंदी, झाडी, पाण्याच्या टाकीचं टोक." जागा भरली की डोंगराला शिरायला वावच राहत नाही.

हल्लीच्या मॉडेलना मराठीतून सांगितलं तरी चालतं, पण मध्ये एक भाषेचं मॉडेल बसलेलं असतं. ते आपलं वर्णन स्वतःच्या मनाने वाढवून चित्रकार मॉडेलकडे पोचवतं. २०२३ साली आलेल्या डाल-ई ३ या चित्र काढणाऱ्या मॉडेलपासून ही रीत सर्रास झाली. सोय मोठी आहे, पण माझ्या त्या रणरणत्या गल्लीत एकदा रांगोळी घातली गेली आणि उंबऱ्यावर पणत्या लागल्या. म्हणून अशा ठिकाणी मी शेवटी ठणकावून लिहिते, की दिलेल्या वर्णनात भर घालू नकोस. जुन्या स्टेबल डिफ्यूजनमध्ये अडचण वेगळी होती. त्याला एका वेळी शब्दांचे ७७ तुकडेच घेता यायचे, त्यापुढचं गळून जायचं. त्यामुळे महत्त्वाचं आधी लिहायची सवय लागली, ती चांगलीच झाली.

वर्णन सुरेख करणारी माणसं बहुतेक वेळा लिहिणारी नसतात. शेजारच्या मावशी कडक भाकरी करून विकतात. त्यांना मी यंत्राने काढलेली भाकरी दाखवली. जाडसर, मऊ, फुगलेली, वर काळे डाग आणि तुपाचा गोळा.

"ही भाकरी नव्हं, रोटी हाय," मावशी म्हणाल्या.

"मग कशी पाहिजे, सांगा ना. मी लिहून घेते."

"पापडावानी पातळ. रंग ज्वारीचाच, करपल्याला नको. कडा वर उचललेल्या. मधी थोडी वाकल्याली, परातीवानी. आन् एकावर एक ठेवल्या की मधनं उजेड दिसतो, ते बघ आधी."

एकावर एक ठेवलेल्या कडक भाकऱ्यांच्या मधून उजेड दिसतो. मी जन्मभर त्या भाकऱ्या खाल्ल्या, शेंगाचटणी लावून, दह्याबरोबर, प्रवासात डब्यातून. तो उजेड मला दिसला नव्हता. तेवढं एक वाक्य घातलं आणि चित्रातली चवड कुरकुरीत झाली.

खरी परीक्षा चादरीची होती. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्या शहराचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलंय ते या चादरीवरून. एका हंगामासाठी नवीन नक्षीच्या काही कल्पना हव्या होत्या. मी यंत्राकडून मोरांची एक चादर काढून घेतली. गर्द हिरव्यावर फिकट पांढरे मोर, काठाला वेल, चारी कोपऱ्यांत कमळ. पडद्यावर फार सुरेख दिसत होती. ती घेऊन मी ग्राफ काढणाऱ्या मास्तरांकडे गेले. त्यांची हयात चादरीच्या नक्ष्या काढण्यात गेलीय. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि हिशेब कन्नडमध्ये असं त्यांचं चालतं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला, फोन जवळ नेला, लांब नेला. "छान आहे," म्हणाले. मग त्यांनी फोन उलटा केला, मागची काळी बाजू बघितली आणि विचारलं, "अम्मा, ह्याची पाठ कुठंय?"

प्रश्न खरा होता. सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी वापरायची असते. वरून हिरव्यावर पांढरा मोर, तर खालून पांढऱ्यावर हिरवा मोर. दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या कडेला वरचं सूत खाली जातं, खालचं वर येतं. त्या अदलाबदलीनेच दोन्ही थर एकमेकांत गुंतून राहतात. नक्षी कापडावर काढलेली नसते, नक्षीनेच कापड धरून ठेवलेलं असतं. आणि यंत्राने मला दिलं होतं ते कापडाच्या फोटोसारखं दिसणारं काहीतरी.

मास्तर पुढे बोट फिरवत राहिले. "ही शेपटी बघ. डावीकडं अकरा पिसं, उजवीकडं नऊ. हा मोर शेजारी परत आला की जोडणार कुठं? आणि ही रेघ बघ, एका सुतापेक्षा बारीक. हिला कोण विणणार?" मग त्यांनी कपाटातून एक जुना ग्राफ काढला. पिवळा पडलेला, बारीक चौकड्यांचा कागद, त्यावर ब्रशने भरलेले तांबडे चौकोन. एक चौकोन म्हणजे ताण्याचं आणि बाण्याचं सूत एकमेकांना भेटण्याची एक जागा. त्या ग्राफवरून जॅकार्डचे पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, पाडायचे. पत्त्यावर भोक असेल तिथे हुक वर जातो, त्याच्याबरोबर ताण्याचं सूत उचललं जातं. भोक नसेल तिथे सूत खालीच राहतं. प्रत्येक आडव्या सुतासाठी पत्त्याचा हाच हुकूम, तो संपला की पुढचा.

जोसेफ मारी जॅकार्डने फ्रान्समधल्या ल्यों शहरात १८०४ साली ही रीत पक्की केली. १८३९ मध्ये त्याच शहरात त्याचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्यासाठी सुमारे २४,००० पत्ते लागले. विणलेलं आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये इतकं ते बारीक होतं. गणनयंत्राचा ध्यास घेतलेल्या चार्ल्स बॅबेजने त्यातलं एक मिळवलं होतं आणि पाहुण्यांना तो ते दाखवायचा. यंत्राला सूचना लिहून देऊन चित्र करून घेणं ही गोष्ट आपल्याला आज नवी वाटते, पण पूर्व भागात ती पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. फरक आहे तो सूचनेच्या जातीत. पत्ता यंत्राच्या मनावर काहीच सोडत नाही. एक भोक चुकलं तर चादरभर, प्रत्येक मोराच्या त्याच जागी, तीच चूक दिसते. प्रॉम्प्टमध्ये आपण थोडंसं सांगतो आणि उरलेलं सगळं यंत्र अंदाजाने भरतं. जिथे अंदाज चालतो तिथे प्रॉम्प्ट उपयोगी पडतो. चादरीच्या पोटात अंदाज चालत नाही.

हे कळल्यावर मी मास्तरांनाच सांगायला लावलं. दोनच रंग. कडा पायरीपायरीच्या, गोलाई नको. डावी बाजू तशी उजवी. बारीकातली बारीक रेघ एक चौकोन जाड. मोर एकच, तो पुन्हा पुन्हा. चित्रं सुधारली, तरी मास्तरांच्या ग्राफवर जाण्यासारखी झाली नाहीत. मात्र त्यांना दुसरंच काही आवडलं. "रंग बरे जुळवतंय. जांभळ्यावर फिकट पिस्ता मला सुचला नसता. रंग त्याच्याकडून घे, नक्षी मी देतो." आता आमचं काम असंच चालतं. मी एकाच नक्षीवर रंगांच्या जोड्या काढून आणते, ते त्यातल्या दोन ठेवतात, बाकीच्या बाजूला सारतात. बाजूला सारलेल्यांबद्दल त्यांना काय वाटतं हे ऐकण्यातच माझं शिक्षण होतं. एकदा म्हणाले, "हा तांबडा पाण्यात टिकणार नाही." पडद्यावरच्या रंगाला धुण्याची भीती नसते, पण मास्तर चादर बघतात ती दहा वेळा धुतल्यानंतरचीच.

एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय आणि त्यावर मी ठाम आहे. प्रॉम्प्टमध्ये हयात चित्रकाराचं नाव टाकायचं नाही. २०२२ मध्ये ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचं नाव लोकांनी हजारो प्रॉम्प्टमध्ये घातलं. त्याच्या शैलीतली, त्याने न काढलेली चित्रं इतकी झाली की त्याच्या नावाने शोधलं तर खरी चित्रं त्यांत बुडून जातील ही चिंता त्याने जाहीरपणे बोलून दाखवली. सोलापूरच्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. बाहेर विणलेला हलका माल सोलापुरी म्हणून विकला जातो तेव्हा इथल्या मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात काय होतं ते आम्ही बघितलंय. आपल्या नावाची चोरी आपल्याला टोचते, मग दुसऱ्याच्या हाताची चोरी आपण सोय म्हणून कशी करावी? शैली हवी असेल तर तिचं वर्णन करावं: ब्रशचे फटकारे जाड, सावल्या निळसर, बाह्यरेषा नाही. त्याने आपली नजरही तयार होते.

जानेवारीत आणखी एक मागणी येते. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. त्याआधी मे १९३० मध्ये या शहराने मार्शल लॉ सोसला होता. दर १२ जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्यापाशी माणसं जमतात. हल्ली त्या दिवसासाठी कुणीतरी म्हणतं, एआयवर चौघांची चित्रं करून दे, जिवंत वाटतील अशी, तुरुंगाच्या गजांमागे, डोळ्यांत तेज. मी नाही म्हणते. यंत्र त्यांचे चेहरे अंदाजाने भरेल. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, आणि ती चित्रं एकदा फोनाफोनी फिरली की पुढच्या पिढीला तेच धनशेट्टी आणि तेच सारडा वाटतील. त्या माणसांनी आपलं सगळं दिलं. निदान त्यांचा चेहरा तरी आपण बदलू नये. मी त्याऐवजी पुतळ्यांचा नीट उजेडात काढलेला फोटो देते आणि खाली चौघांची नावं पूर्ण लिहिते.

नान्नजच्या माळढोकाने मला आणखी सावध केलं. नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ पासूनचं आहे, सोलापूरहून हाकेच्या अंतरावर, आणि ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं तो पक्षी आता तिथे मोठ्या मुश्किलीने दिसतो. शाळेच्या मुलांसाठी तक्ता करायचा होता. नुसत्या नावाने यंत्राने शहामृगाच्या अंगावर मोराची मान बसवली. मग बारकाईने लिहिलं: डोक्यावर काळी टोपी, मान पांढुरकी, छातीवर काळा पट्टा, पंख तपकिरी, उभा राहिला तर मीटरभर उंच, आजूबाजूला गुडघाभर वाळलेलं गवत. असा हुबेहूब पक्षी आला की काळजात धस्स झालं. बैलाचं चित्र फसवत नाही, ते चुकीचं आहे हे सोलापूरच्या कुणालाही दिसतं. पण हा माळढोक कुणी "आज सकाळी नान्नजला दिसला" म्हणून पुढे पाठवला तर? तेव्हापासून यंत्राकडून काढलेल्या माझ्या प्रत्येक चित्राच्या खालच्या कडेला मी तसं ठळक लिहिते. तक्त्यावर शेवटी वन्यजीव छायाचित्रकाराची परवानगी घेऊन खरा फोटोच लावला.

या सगळ्यातून एक काम आपोआप उभं राहिलंय. मी फोटो काढते आणि प्रत्येक फोटोखाली त्यात काय आहे ते लिहिते, मराठीत आणि इंग्रजीत. विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या ठिकाणी असे फोटो वर्णनासकट ठेवता येतात. पुढेमागे शिकणाऱ्या यंत्रांना ते मिळतील, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसांना मिळतील. इंद्रभुवन या जुन्या इमारतीच्या दर्शनी भागावरचं नक्षीकाम आहे. सुताच्या कांड्यांनी भरलेली टोपली आहे. मावशींच्या भाकऱ्यांची चवड आहे, मधल्या उजेडासकट. ज्याची वस्तू त्याच्याच तोंडून वर्णन घ्यायचं, हा माझा आग्रह आहे, कारण खिडकीवरच्या रुईला पांढरा थर म्हणणारी मीच होते, आणि तिथे रोज काम करणारा माणूस तिला पांढरी म्हणणार नाही.

सोलापूरच्या वाचकांना माझं मनापासून सांगणं आहे, तुमच्याकडे जुनी चादर असेल तर तिचा फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. खाली लिहा: किती रंग, कुठली नक्षी, काठ कसा, कुणाच्या लग्नात आली, कितीदा धुतली, कुठे विरली. कुठल्याही मॉडेलला हे तुमच्याखेरीज कुणी सांगू शकत नाही.

परवा मास्तरांच्या त्या जुन्या ग्राफचं वर्णन लिहून घ्यायला बसले. मला वाटलं होतं, चार ओळींत होईल. मास्तर मोराच्या तुऱ्यापासून सुरू झाले. तुऱ्याला तीन चौकोन का, चार केले असते तर माग कुठे अडला असता, मान वळवताना पायऱ्या एकास दोन का घेतल्या, डोळ्याच्या जागी एक चौकोन रिकामा ठेवला तो पाठीवर कसा भरून येतो. माझी दोन पानं भरली तेव्हा आम्ही पंखापर्यंत पोचलो होतो. मी विचारलं, "मास्तर, काठाचं?"

"काठाचं वेगळं आहे," ते म्हणाले. "उद्या ये. आणि वही मोठी आण."